सोवळ्याची दांडी

बंगळूरला समुद्र नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तिकडे चेन्नईच्या बाजूला समुद्रात वादळ उठलं की इकडे राजाजीनगरात बिंदुमाधवकाकांच्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे ठाऊक असणारी माणसं त्या एका गल्लीपुरतीच. घर जुनं, बसकं. बांधलं तेव्हा ते रस्त्याहून दोन पायऱ्या उंच होतं. पुढे रस्त्यावर थरावर थर चढत गेले, आणि आता रस्ता वर आणि घर खाली. गेटातून आत शिरायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं पाऊल जपून टाकावं लागतं. गल्लीच्या टोकाला मोठा नाला आहे. तो तुंबला की पाणी आधी कोणाकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मनस्विनी ही त्यांची पुतणी. चोपन्न वर्षांची. लग्न केलेलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं काही थकली, काही वारली. घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेलं, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडण दोन्हींत. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात ती स्टोअर्स सांभाळते. नट, बोल्ट, बेअरिंगं, रबरी चकत्या, सगळं जिथल्या तिथे. रॅकवरची वस्तू कोणी हलवली तर तिला दारातूनच कळतं, असं कारखान्यात म्हणतात. नीट मांडून ठेवलं तर जगात अडण्यासारखं काही नाही, हा तिचा धर्म. मनाने मोठी, कोणाच्याही हाकेला धावणारी, पण जरा ऐटीची बाई. आपण एखादी गोष्ट ओळखली म्हणजे ओळखलीच, असं तिला वाटायचं.

गेल्या वर्षी ऐन नवरात्रात वादळ आलं. दुपारी पाणी घरात शिरलं आणि बघता बघता पलंगाच्या फळीला टेकलं. वरच्या मजल्यावरचे तेव्हाचे भाडेकरू कुलूप लावून गावी गेलेले. अग्निशामक दलाची माणसं दोर आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. एकेकाला खुर्चीत बसवून उचलून न्यायचं, असा बेत होता. पण अनुसूयाकाकू पलंगावर बसली ती बसलीच. "घट बसलेत. नंदादीप तेवतोय. दिवा एकटा टाकून घर सोडता येत नाही," म्हणाली. देवघर उंच कट्ट्यावर, त्यामुळे दिवा खरोखरच तेवत होता. बायको हलेना म्हणून काकाही हलले नाहीत. लोकांनी हात जोडले, रागावले, देवीचीच शपथ घातली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दोघं संध्याकाळपर्यंत त्या घाण पाण्यात बसून राहिली.

काकूला मधुमेह. पायाला आधीच जखम होती, ती चिघळली. दवाखान्यात राहावं लागलं आणि पायाचं एक बोट कायमचं गेलं; पट्टी पुढेही सुटली नाही. "पुन्हा असल्या पाण्यात पाय बुडाला तर अख्खा पाय काढावा लागेल," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. गल्लीत तिला 'हट्टी अज्जी' हे नाव पडलं. मनस्विनीनेही दवाखान्यात उशाशी बसून काकूला चार शब्द सुनावले. काकूने ते ऐकून घेतले.

कार्तिक, त्यांचा एकुलता मुलगा, ह्यूस्टनला असतो. तिकडेही वादळांचा मोसम असतो आणि लोक जूनपासून तयारीला लागतात. त्याने तिकडची यादीच मनस्विनीला पाठवून दिली. पिण्याचं पाणी, टॉर्च, डबाबंद सूप, कुत्र्याचं खाणं. "मनूअक्का, यातलं जमेल तेवढं कर." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण पोराचा जीव तिकडे तुटत होता, हेही खोटं नव्हतं. मनस्विनीने कुत्र्याचं खाणं आणि कांदा-लसणाचं सूप वगळलं आणि बाकीचं मनावर घेतलं.

गणपती गेल्यावर ती दर रविवारी काकांकडे येऊ लागली. पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणतात, पण पाण्याला पंचांग कळत नाही, असं म्हणून तिने पदर खोचला. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून पुढचं दार अडवलं होतं आणि पाणी मागच्या मागे मोरीतून वर आलं होतं. यंदा तिने मोरीच्या भोकात घट्ट बसेल असं रबरी बूच कारखान्यातून करून आणलं. दाराच्या दोन्ही बाजूंना खाचा मारून घेतल्या आणि त्यात बसणाऱ्या फळ्या कापून आणल्या. फ्रिज लोखंडी घोडीवर चढला, तांदळाचे डबे माळ्यावर गेले. औषधं, जादा चष्मे आणि बँकेची कागदं झाकणाच्या डब्यात घालून तो डबा वरच्या मजल्याच्या जिन्यात टांगला.

काका हे सगळं वेताच्या खुर्चीतून बघत बसायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला ताठ माणूस. धोतराची निरी कधी वाकडी पडली नाही. एकेकाळी दर शनिवारी चिकपेटेत मित्राच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसायचे आणि राजकारणावर भांडून, खुशीत घरी यायचे. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. ऑपरेशन कसलं, हे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तेव्हापासून काका कोणी आलं की चहा नको म्हणायचे आणि खुर्चीतून उठायचे नाहीत. "वय झालं की गं आता," काकू म्हणायची. मनस्विनीनेही वय झालं असंच धरलं.

त्या घरात मोरीजवळ छताखाली एक आडवी दांडी आहे. सोवळ्याची वस्त्रं तिच्यावर काठीने वाळत घालायची आणि काठीनेच काढायची. आंघोळ करून सोवळं नेसलेल्या माणसाखेरीज कोणी त्यांना बोट लावायचं नाही. लहानपणी मनस्विनीने तिथे चेंडू मारला म्हणून काकूने सगळी वस्त्रं पुन्हा धुतली होती. आता माळ्यावर डबे चढवताना ती दांडी मध्ये येत होती. वस्त्रं जरा बाजूला सारावीत म्हणून मनस्विनीने कोपऱ्यातली काठी उचलली.

"शिवू नकोस!" काकू स्वयंपाकघरातून ओरडत आली. "सोवळ्यातलं आहे ते. ठेव ती काठी."

काकूचा असा आवाज मनस्विनीने कधी ऐकला नव्हता. तिने काठी ठेवली. दांडीवर वस्त्रंही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसत होती, अगदी दाटीवाटीने. म्हातारपणी काहींचं सोवळं सुटतं आणि काहींचं वाढतं, असं मनाशी म्हणत तिने डबे दुसऱ्या बाजूने चढवले.

खरा प्रश्न फळ्यांचा आणि बुचाचा नव्हताच. पाणी ठरवलं तर फळ्यांवरूनही येणार. पाणी आलं की ही दोघं वर जाणार का, हा प्रश्न होता. जिना चढला की वरचा मजला, त्याला काही धोका नाही. अडकत होतं ते दिव्यापाशी. नवरात्रात घट एकदा बसले की नऊ दिवस जागचे हलवता येत नाहीत आणि दिवा विझू द्यायचा नसतो. मनस्विनीने त्यावर रात्रंदिवस विचार केला आणि एके दिवशी मेट्रोत उभ्या उभ्या तिला उत्तर सापडलं. स्वतःवरच खूश होऊन ती त्याच रविवारी काकूपुढे बसली.

"काकू, घट बसायच्या आधीच सांगते. यंदा घट वर बसवूया."

"वर? त्या आसावरीच्या घरात?"

"तिच्या हॉलमध्ये. एकदा बसले की हलवता येत नाहीत, म्हणून आत्ता म्हणते. आणि इतकी वर्षं देवाच्या डोक्यावर तू भाडेकरू नाचवलेस. त्यापेक्षा देवच वर बरे की नाहीत?"

काकू हसली. "वकील व्हायला पाहिजे होतीस की गं तू." मग तिने खुर्चीतल्या काकांकडे बघितलं. काका वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. "सरी," काकू म्हणाली. "तुला बरं वाटत असेल तर ने वर. मी पूजेला जात जाईन, झोपायला मात्र खालीच."

मनस्विनी भांडायच्या तयारीने आली होती. इतक्या सहज 'सरी', म्हणजे 'बरं', ऐकून ती जराशी हिरमुसलीच. पण तिने ते यश मानलं.

वरची आसावरी आणि तिचा नवरा तनय पुण्याचे, दोघंही आयटीत. जानेवारीपासून राहायला आलेले. आसावरी तर आनंदाने उडाली. "ऑफ कोर्स, ताई! पुण्याला आमच्याकडेही घट असतात. फक्त फ्रिजमध्ये एग्ज आहेत, ते आजच फिनिश करते." नऊ दिवस घरात अंडं नाही असं ठरलं आणि तनयने आमलेटाची सोय ऑफिसात लावून घेतली. घटस्थापनेला काकू एकेक पायरी करत वर आली, आसावरीच्या टीव्हीशेजारी पाट मांडला, मातीत धान्य पेरलं, दिवा लावला. मनस्विनी मनात म्हणाली, आता पाणी येऊ दे. काकू दिव्याकडे धावेल, आणि सुईमागून दोरा तसे काका येतील.

चौथ्या माळेला पाणी आलं. सकाळपासून आभाळ फाटलं होतं. दुपारी मनस्विनी स्टोअर्समध्ये माल मोजून घेत होती, तेव्हा आसावरीचा फोन आला.

"ताई, गेटच्या आत पाणी आलंय. काकू वरच होत्या, दिव्यात तेल घालत होत्या. खिडकीतून पाणी बघितलं आणि डायरेक्ट खाली गेल्या. मला म्हणाल्या, दिव्याकडे तू बघ. मी खाली मेन स्विच बंद करून आले, दोघांना बोलावलं, पण येतच नाहीयेत. तनय ऑफिसात अडकलाय."

"खाली गेली? वरून खाली?"

"हो ना, ताई. खाली."

मनस्विनीला काही कळेना. कळण्याची वाट न बघता ती निघाली. रस्ते तुंबलेले असणार, पण मेट्रो वरून धावते. राजाजीनगरला उतरून ती गुडघाभर पाण्यातून चालत घरी पोचली. छत्री वाऱ्याने केव्हाच उलटी झाली होती. दाराच्या फळ्या जागच्या जागी होत्या, मोरीचं बूचही घट्ट होतं. पाणी फळ्यांवरून आत येत होतं, बस. ती फळ्या ओलांडून आत उतरली.

घरात घोट्याच्या वर पाणी होतं. काका वेताच्या खुर्चीत, मांडीवर जाड चादर पसरून, भिंतीकडे बघत बसले होते. त्यांच्या शेजारी स्टुलावर काकू. पट्टी बांधलेला पाय तिने दुसऱ्या पावलावर ठेवून वर धरायचा प्रयत्न केला होता, पण पट्टी भिजलीच होती.

"काकू, दिवा वर आहे!"

"आहे की. आसावरी बघतेय."

"मग तू इथे काय करतेस? पाय घालवायचाय का?"

काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "हिला वर ने, मनू. मी इथे बरा आहे."

"तुम्ही नाही तर मी नाही," काकू म्हणाली. "दरवेळी काय तेच तेच बोलायचं?"

दरवेळी. मनस्विनी जागच्या जागी थबकली. म्हणजे गेल्या वर्षीही न हलणारी काकू नव्हतीच. न हलणारे काका होते, आणि काकू त्यांच्यासाठी बसली होती. मग तो दिवा? तिने काकूकडे बघितलं. काकू उठली, तिचा हात धरून तिला मोरीपाशी घेऊन गेली आणि तिने वर दांडीकडे बघितलं.

मनस्विनीने पहिल्यांदा त्या दांडीकडे नीट बघितलं. दोन्ही टोकांना एकेक रेशमी वस्त्र होतं. मधल्या सगळ्या जागेत जुन्या नऊवारी लुगड्यांचे फाडलेले तुकडे, चौपदरी घड्या घालून शिवलेले, स्वच्छ धुतलेले. लहान मुलांना दुपटी करतात तसेच, पण मोठ्या मापाचे.

"ऑपरेशनपासून त्यांना लघवी धरवत नाही," काकू कुजबुजली. "एक बदलते तोवर दुसरं भिजतं. कार्तिकलाही सांगू देत नाहीत. ती माणसं गेल्या वर्षी खुर्चीत घालून सगळ्या गल्लीसमोरून नेणार होती, भिजलेल्या धोतरानिशी. मरेन पण जाणार नाही म्हणाले. मग मी दिव्याचं नाव सांगितलं. मला हट्टी म्हणाले लोक. म्हणू देत की."

"अगं, दुकानात पॅड मिळतात तयार."

"कोपऱ्यावरच्या दुकानात कोण मागणार? तिथे अर्धी गल्ली उभी असते."

"आणि हे इथे? सोवळ्याच्या दांडीवर?"

"मग कुठे घालू? गच्चीवर घातलं तर वरची पोर बघेल. इथे कोणी हात लावत नाही. पाप असेल तर माझं. देवीला मी सांगितलंय."

मनस्विनीला रडू आवरेना. एका चेंडूसाठी दांडीभर वस्त्रं धुणारी ही बाई. दोन वर्षं तिने आपलं सोवळं नवऱ्याच्या लाजेवर पांघरलं होतं, बोट गेलं तरी तोंड उघडलं नव्हतं, आणि उशाशी बसून शहाण्या पुतणीची बोलणी खाल्ली होती. मनस्विनीने फ्रिज हलवला, तांदूळ हलवले, देवसुद्धा हलवले. खुर्चीतल्या माणसाला काय हवं, हे मात्र एकदाही विचारलं नाही. तिने डोळे पुसले. पाणी वाढत होतं आणि रडायला सवड नव्हती.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि मोठ्याने, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आसावरी! तुझी मागची खोली, न्हाणीघर लागून आहे ती, रिकामी कर. नवरात्रात काकांचं सोवळं कडक असतं. त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, तू नाही आणि तनयही नाही. चालेल ना?"

"डन, ताई! लगेच करते."

मनस्विनी मोरीपाशी परत आली. पावसात भिजलेली, रस्त्याचं पाणी तुडवून आलेली, सोवळ्याच्या दृष्टीने तिच्याइतकी ओवळी बाई त्या क्षणी गल्लीत दुसरी नसेल. तिने हात पुढे केला. काकूने क्षणभर तिच्याकडे बघितलं, कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिच्या हातात दिली.

मनस्विनीने दांडीवरचं सगळं उतरवलं, एकही तुकडा मागे ठेवला नाही. काकूच्या रेशमी पूजेच्या वस्त्रात त्याचं गाठोडं बांधलं आणि ते छातीशी धरून ती काकांपुढे उभी राहिली.

"काका, तुमचं सोवळं मी घेतलंय. वर तुमची वेगळी खोली केलीय. चला."

काकांनी आधी गाठोड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला सगळं कळलंय हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला. मनस्विनीने नजर वळवली नाही आणि गाठोडंही खाली केलं नाही. शेवटी काकांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि ते उठले. काकूने पूजेच्या वेळी नेसायची लोकरी धाबळी आणली आणि भिजलेल्या धोतरावरून त्यांच्या कमरेला नीट गुंडाळली. आता बघणाऱ्याला ते पूजेलाच निघालेत असं वाटलं असतं.

जिन्याच्या मध्यावर आसावरी धावत खाली आली. मनस्विनीच्या हातातलं गाठोडं बघून तिने दोन्ही हात पुढे केले.

"द्या ना ताई, मी घेते. तुम्ही काकांना धरा."

"शिवू नकोस," मनस्विनी म्हणाली. "सोवळ्यातलं आहे."

आसावरीने चटकन हात मागे घेतले आणि त्या गाठोड्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून ती अंग चोरून भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी कठडा धरला आणि ते मान ताठ ठेवून तिच्यासमोरून वर गेले. मागून काकू येत होती, ओला पाय एकेका कोरड्या पायरीवर टेकत.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही आता."